युरोपियन वाईन घरी नीट चाखायची कशी: तयारीपासून जेवणाच्या जोडीपर्यंत, टप्प्याटप्प्याने

चांगली फ्रेंच नाहीतर इटालियन बाटली आणली, चार जण जमले, घोट घेतला आणि सगळ्यांचं मत एकच, "आंबट आहे यार, याला एवढे पैसे?" हे इतक्या घरांत होतं की आता सविस्तर लिहायलाच हवं. बहुतेक वेळा वाईन चांगलीच असते. पण रेड ३२ डिग्रीच्या खोलीत दुपारपासून टेबलावर उभी असते, व्हाइट फ्रीजमधून थेट ग्लासात येते, ग्लासाला भांड्याच्या साबणाचा वास असतो आणि पहिल्या घोटाआधी सगळ्यांनी मूठमूठ तिखट शेव खाल्लेली असते, मग जिभेला कळणार काय? चुका चाखताना कमी होतात, त्याच्या आधीच जास्त होतात. म्हणून निम्मा लेख तयारीवर आहे, आणि कृपया तो भाग सोडून थेट जेवणाच्या जोड्यांवर उडी मारू नका.

सहा जण आणि सहा बाटल्या असा हिशोब धरलाय. कमी लोक असतील तर बाटल्या कमी करा, पद्धत तीच.

टप्पा १: बाटल्या निवडणं

एकाच बैठकीत सहाच्या वर जाऊ नका, सातव्या वाईनला नाक थकलेलं असतं. निवड अशी करा की प्रत्येक बाटली एक वेगळी गोष्ट शिकवेल, सहा वेगवेगळ्या रेड आणून नवशिक्याच्या हाती काही लागत नाही. माझी यादी ही:

१. शाब्ली. फ्रान्सच्या बर्गंडीचा उत्तरेकडचा तुकडा, द्राक्ष शार्दोने. कोरडी (म्हणजे साखर न उरलेली), धारदार आंबटपणा कळायला. साधी शाब्ली घ्या, प्रीमिए क्रू किंवा ग्राँ क्रू (वरच्या दर्जाच्या) आत्ता नको.

२. मोझेलची रीसलिंग काबिनेट. जर्मनी, द्राक्ष रीसलिंग, काबिनेट हा तिचा हलका प्रकार. आंबट आणि गोड एकत्र कसं उभं राहतं ते कळायला.

३. मॉर्गाँ. फ्रान्सच्या बोजोले भागातल्या दहा क्रूंपैकी (वरच्या दर्जाच्या जागांपैकी) एक, द्राक्ष गामे. हलकी, रसाळ रेड.

४. कियांती क्लासिको. इटलीत फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधला भाग, किमान ८० टक्के सांजोवेझे द्राक्ष. तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही.

५. रिओहा रेझेर्वा. स्पेन, मुख्य द्राक्ष टेंप्रानियो. नियमाने किमान तीन वर्षं मुरवलेली, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात. लाकडाची चव म्हणजे काय ते इथे कळतं.

६. सोतेर्नची अर्धी बाटली, ३७५ मिलीची. फ्रान्सच्या बोर्दोची गोड वाईन, द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची बुरशी येऊन ती सुकतात, साखर आणि आंबटपणा दोन्ही दाट होतात. सहा जणांना अर्धी पुरून उरते.

मुंबई-पुण्यात सगळ्या एकाच दुकानात मिळतील असं नाही. शाब्ली नसेल तर सांसेर किंवा म्युस्काडे, रेझेर्वा नसेल तर क्रियान्झा, सोतेर्न नसेल तर पोर्ट चालेल. लंडन-ॲमस्टरडॅमकडे राहणाऱ्यांना हे सगळं साध्या सुपरमार्केटात मिळून जाईल.

लेबल वाचताना ज्या चुका हमखास होतात त्या सांगतो. शॅम्पेनवर "एक्स्ट्रा ड्राय" लिहिलेलं असेल तर ती "ब्रूट"पेक्षा गोड असते, ड्राय शब्दावर जाऊ नका. नुसती कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, क्लासिकोच्या मानेवर काळ्या कोंबड्याचा शिक्का असतो तो बघा. मॉर्गाँच्या लेबलवर बोजोले हा शब्द ठळक दिसेलच असं नाही, आणि नोव्हेंबरात येणारी बोजोले नूव्हो घेऊन आलात तर तो वेगळाच प्रकार झाला, तो परत ठेवा. जर्मन रीसलिंगवर "ट्रॉकन" असेल तर कोरडी. शंका असेल तर अल्कोहोलचा आकडा बघा, मोझेलची काबिनेट ८-९ टक्क्यांची असेल तर तिच्यात साखर उरलेली आहे आणि आपल्याला तीच हवीय, ११-१२ टक्के दिसले तर बहुतेक कोरडी.

*थांबा, तपासा:* दुकानातच बाटली हातात घेऊन बघा. बूच वर ढकललं गेलंय का, मानेवरचं आवरण चिकट लागतंय का, वाईनची पातळी इतर बाटल्यांपेक्षा खाली आहे का? यातलं एकही असेल तर बाटली बहुतेक कुठेतरी तापलीय. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार होतं. काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी असलेली बाटली तर कितीही डिस्काउंट असला तरी नको.

टप्पा २: आदल्या दिवशीची कामं

बाटल्या आडव्या असतील तर उभ्या करा, म्हणजे गाळ असेल तर तळाला बसेल. जुन्या रिओहासाठी आणि पोर्टसाठी हे महत्त्वाचं, बाकीच्यांना फारसा फरक पडत नाही.

ग्लास. माणशी एक तरी, जमलं तर दोन. तोंडाकडे निमुळता, देठ असलेला, बास. प्रत्येक वाईनला वेगळा ग्लास लागतो वगैरे सोडून द्या. चाखण्याच्या कामासाठी जो आंतरराष्ट्रीय मानकाचा आयएसओ ग्लास असतो तो जेमतेम सव्वादोनशे मिलीचा असतो, आणि त्यावर उत्तम काम होतं. व्हिस्कीचा बसका ग्लास मात्र नको, त्यात वास जमा होत नाही, उडून जातो.

ग्लास गरम पाण्याने धुवा, साबण वापरलाच तर तीन-चार वेळा खळबळून काढा, आणि स्वयंपाकघरातल्या रोजच्या फडक्याने पुसू नका, त्याला मसाल्याचा वास असतोच असतो. कपाटात पालथे ठेवलेले ग्लास लाकडाचा नाहीतर डांबरगोळीचा वास धरतात. धुतलेला ग्लास रिकामाच हुंगून बघा. काहीही वास आला तर पुन्हा धुवा.

घराचा वास हा पुढचा मुद्दा. त्या संध्याकाळी उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर, मोगऱ्याचा गजरा हे काही नको. जेवण त्याच खोलीला लागून बनत असेल तर फोडण्या दुपारीच उरकून घ्या, लसणाची फोडणी बसली की पुढचा तासभर शाब्ली हुंगणं विसरा. पाहुण्यांना आधीच मेसेज करा की परफ्यूम लावून येऊ नका, लोक वाईट वाटून घेत नाहीत, उलट त्यांना कुतूहल वाटतं.

टेबलावर लागेल ते असं: पांढरा कागद (रंग बघायला), साधं पाणी, साधा पाव किंवा मीठ नसलेली बिस्किटं, माणशी एक वही-पेन, आणि थुंकायला एक उभं भांडं. थुंकण्याची आपल्याकडे लाज वाटते, पण युरोपात वाईनची कामं करणारे सगळे थुंकतात, त्याशिवाय चौथ्या ग्लासानंतर डोकं ठिकाणावर राहत नाही. गाडी चालवत जाणारा कोणी असेल तर त्याने एकही घोट गिळू नये.

टप्पा ३: टेंपरेचर (सगळ्यात जास्त वाट इथेच लागते)

रेड "रूम टेंपरेचरला" द्यायची हे सगळ्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ते रूम म्हणजे युरोपातली गार दगडी घरं, १६-१८ डिग्रीची. पुण्यात मे महिन्यात खोली ३३ ला असते, मुंबईत वर्षभर ३० च्या आसपास. ३० डिग्रीच्या रेडमध्ये अल्कोहोल आधी नाकात जातं, फळाचा वास दबतो आणि घशाशी जळजळ होते. व्हाइटचं उलटं. फ्रीज ४-५ डिग्रीला असतो, त्या थंडीत वास बाहेरच येत नाही, नुसता आंबट बर्फ पितोय असं वाटतं.

मी हे आकडे धरतो:

शाब्ली १०-११ डिग्री. रीसलिंग काबिनेट ८-९. मॉर्गाँ १३-१४, म्हणजे हाताला चक्क गार लागली पाहिजे. कियांती क्लासिको १६. रिओहा रेझेर्वा १६-१७. सोतेर्न ९-१०. शॅम्पेन असेल तर ८-१०.

आता हे आणायचं कसं? परदेशी लेखांत "रेड अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा" असं असतं, ते २१-२२ डिग्रीच्या खोलीसाठी आहे. आपल्या ३० डिग्रीच्या खोलीतून निघालेल्या रेडला फ्रीजमध्ये साधारण दीड ते दोन तास लागतात. घाई असेल तर बादलीत निम्मं पाणी निम्मा बर्फ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, रेड आठ-दहा मिनिटांत आणि व्हाइट वीस-पंचवीस मिनिटांत जागेवर येते. नुसता बर्फ घालू नका, खड्यांच्या मधल्या हवेमुळे बाटली नीट गार होत नाही, पाणी हवंच, आणि मूठभर जाडं मीठ टाकलंत तर अजून लवकर. व्हाइट रात्रभर फ्रीजमध्ये असेल तर वाढायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.

फ्रीझरमध्ये बाटली "दहा मिनिटं फक्त" म्हणून ठेवली जाते आणि विसरली जाते, मग बूच वर आलेलं असतं नाहीतर काच तडकलेली. नकोच. ग्लासात बर्फाचा खडा टाकणं तर अजिबात नको, तुम्ही वाईन गार करत नाही, पातळ करताय.

*थांबा, तपासा:* किचनमधला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, दोनतीनशे रुपयांची वस्तू आहे. थोडी वाईन ग्लासात ओतून त्यात बुडवा. हाताचा अंदाज पाच-सहा डिग्रीने सहज चुकतो. आणि वाढताना दोन डिग्री गारच वाढा, आपल्या हवेत ग्लासातली ५० मिली वाईन भराभर तापते.

एकदा एक प्रयोग नक्की करा. शाब्ली फ्रीजमधून काढल्या काढल्या दोन घोट चाखा, वहीत लिहा, ग्लास तसाच ठेवा आणि दर पाच मिनिटांनी परत हुंगा. सुरुवातीला लिंबाच्या सालीशिवाय काही नसतं. मग हिरवं सफरचंद येतं, मग ओल्या दगडासारखा, पहिल्या सरीनंतर फरशीला येतो तसा गार वास. अजून तापली की तोच ग्लास ढिला पडतो, आंबटपणा बोथट होतो आणि अल्कोहोल पुढे येतं. एकाच ग्लासात हे सगळं घडताना बघितलं की टेंपरेचरवर कोणाशी वाद घालावा लागत नाही.

टप्पा ४: उघडणं, आणि खराब बाटली ओळखणं

आवरण ओठाच्या खालच्या कंगोऱ्याखाली कापा. कॉर्कस्क्रू बुचाच्या मधोमध सरळ घाला, आरपार नेऊ नका, तुकडे आत पडतात. बाटलीचं तोंड कोरड्या, वास नसलेल्या कागदाने पुसा. आणि सगळ्यांना वाढायच्या आधी घरच्याने थोडी ओतून हुंगायची, हे टाळू नका, नाहीतर सहा ग्लास वाया जातात.

काय शोधायचं? ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट तळघराचा वास आला आणि फळाचा वास गायब असेल तर बुचातून टीसीए नावाचं रसायन उतरलंय, याला कॉर्क्ड म्हणतात. हलवून, वाट बघून ते जात नाही, उलट वाढतं. बाटली बाजूला ठेवा. ताजी व्हाइट पिवळसर-तपकिरी दिसतेय आणि तिला कुजक्या सफरचंदाचा वास आहे तर हवा लागलीय. शिजवलेल्या फळांचा, मुरांब्यासारखा वास एखाद्या तरुण रेडला येत असेल तर बाटली तापली होती. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगर जोरात येतंय तर तीही गेली.

पण काडीपेटीचा किंवा हलका सडक्या अंड्याचा वास आला तर घाबरू नका, ग्लास जोरात फिरवा, दहा मिनिटं थांबा, बहुतेकदा उडून जातो. बुचाच्या आतल्या बाजूला किंवा तळाशी साखरेसारखे खडे दिसले तर ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे, निरुपद्रवी. लोक काचेचे तुकडे समजून बाटली ओतून देतात, त्या वाईनचं वाईट वाटतं मला.

डिकँटर, म्हणजे वाईनला हवा लागावी म्हणून ती ओतायचं रुंद भांडं, लागतं का? या सहांमध्ये कियांती अर्धा तास आधी जगमध्ये ओतली तर फायदा होतो, बाकीच्यांना गरज नाही. नुसतं बूच काढून ठेवण्याने मात्र काही होत नाही, बाटलीच्या मानेतून हवा लागणार किती! जुनी बाटली असेल तर तिला फार हवा दाखवू नका, गाळापुरतं हळूच ओता.

टप्पा ५: जिभेची तालीम

पंधरा मिनिटांचं काम आहे आणि बहुतेक जण करत नाहीत. चार पेले: एकात साधं पाणी, एकात लिंबू पिळलेलं पाणी (मीठ-साखर नाही), एकात कोरा चहा पाच-सहा मिनिटं खळखळून उकळून थंड केलेला, एकात साखरेचं पाणी.

लिंबूपाणी तोंडात घ्या आणि गिळल्यावर लाळ सुटते तिकडे लक्ष द्या, हा आंबटपणा. चहा घ्या, हिरड्या आणि गालाची आतली बाजू कोरडी पडते, ओढली जाते, हे टॅनिन. दोन्ही गोष्टी लोक सर्रास एकच समजतात आणि "स्ट्राँग आहे" म्हणून मोकळे होतात. लाळ सुटते का तोंड सुकतं, एवढाच प्रश्न विचारायचा. अल्कोहोलची ऊब तिसरीच, ती घशात आणि छातीत लागते.

गोडव्यासाठी एक युक्ती. नाक चिमटीत धरून घोट घ्या. नाक बंद असताना फळाचा वास पोचत नाही, तरीही गोड लागली तर साखर खरी आहे. मॉर्गाँ आणि काबिनेट दोन्हींवर करून बघा, मॉर्गाँ नुसती फळांच्या वासाने गोड भासत होती हे तिथल्या तिथे कळतं.

यानंतर पाणी पिऊन, पाव खाऊन दहा मिनिटं थांबा.

टप्पा ६: क्रम

वर दिलेल्या यादीचाच क्रम वाढण्याचा क्रम आहे. हलकी आधी, जड नंतर, कोरडी आधी, गोड नंतर. तरुण-जुनी हा तिसरा नियम आपल्या बैठकीत फारसा लागत नाही.

इथे होणारी चूक म्हणजे "कमी अल्कोहोल म्हणून काबिनेट पहिली". तिच्यातल्या साखरेनंतर शाब्ली घेतलीत तर ती लिंबाच्या सरबतात साखर विसरल्यासारखी लागेल आणि बिचारी शाब्ली बदनाम होईल. शाब्ली पहिली, मग काबिनेट, मग पाव-पाणी घेऊन पाच मिनिटं विश्रांती आणि मग रेडकडे वळा. रिओहा आणि सोतेर्नच्या मध्येही तसंच.

प्रत्येक वेळी ५० मिली ओता, ग्लास तिसऱ्या हिश्शाच्या वर भरू नका, फिरवायला जागा हवी. सहा जणांना ५० प्रमाणे ३०० मिली जातात, सोतेर्नची अर्धी बाटली सोडली तर प्रत्येक बाटलीतली निम्म्याहून जास्त वाईन जेवणासाठी उरते. हे मुद्दाम ठेवलंय.

टप्पा ७: प्रत्यक्ष चाखणं

बघा. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग आणि कडेचा रंग वेगळे बघा. मॉर्गाँची कड जांभळट, रिओहाची विटकरी, वय तिथे दिसतं. ग्लासाच्या आतून ओघळ उतरतात त्यांना बघून "वा, भारी वाईन" म्हणू नका, त्यांचा संबंध मुख्यतः अल्कोहोलशी आणि थोडा साखरेशी आहे, दर्जाशी काही नाही.

हुंगा. आधी ग्लास न हलवता एकदा. मग टेबलावरच ठेवून देठ धरून फिरवा आणि लगेच नाक आत घाला, दोन-तीन छोटे श्वास, एक मोठा नको. नाक थकलं तर स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, ताळ्यावर येतं. जे वाटेल ते लिहा, आणि बोलायच्या आधी लिहा, कारण एकाने मोठ्याने "चेरी" म्हटलं की सहाही जणांना चेरी यायला लागते.

शब्दांबद्दल मला तळमळीने सांगायचंय. ब्लॅककरंट, गूसबेरी, व्हायोलेटची फुलं, यातलं तुम्ही काही हुंगलेलं नसेल तर ते शब्द वापरू नका, त्यातून तुम्हालाच काही आठवणार नाही. कैरी, जांभूळ, करवंद, पेरू, कोकम, ओली माती, सुकं खोबरं, कातडी चप्पल, केशर, जे तुमच्या नाकात साठलेलं आहे तेच लिहा. कियांतीत बऱ्याच जणांना आंबट चेरीऐवजी करवंद सापडतं आणि ते अगदी योग्य आहे. रिओहामध्ये व्हॅनिला आणि खोबऱ्याचा वास येतो तो अमेरिकन ओकच्या पिंपांचा. थोड्या जुन्या रीसलिंगला पेट्रोलचा वास येतो, तो दोष नाही, त्या द्राक्षाचाच स्वभाव आहे.

घोट. चमचाभराहून जरा जास्त. तोंडभर फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आवाज होतो, होऊ द्या, त्याने वास घशाच्या मागून नाकात चढतो आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातली मोठी गोष्ट तिथूनच येते. मग थुंका किंवा गिळा.

थांबा. हेच सगळ्यात जास्त राहून जातं. गिळल्यावर चव किती सेकंद टिकते ते मनात मोजा. साधी वाईन चटकन पुसली जाते, चांगली टिकते आणि टिकताना बदलते. सोतेर्नवर मोजा, जर्दाळू, मध, संत्र्याची साल एकामागून एक येत राहतात, आणि एवढी साखर असूनही तोंड चिकट होत नाही कारण आंबटपणा खालून धुऊन नेतो.

*थांबा, तपासा:* वहीत पाच गोष्टी आहेत ना? गोडी, आंबटपणा, टॅनिन, अल्कोहोल, टिकाव. मग एक ओळ, परत प्यावीशी वाटते का. पहिला घोट नेहमी खोटं बोलतो, तोंड तयार नसतं, म्हणून मत दुसऱ्या घोटावर द्या.

टप्पा ८: जेवण, पण आधी एक चाचणी

बशीत चिमूटभर मीठ, लिंबाची फोड आणि साखर घ्या. कियांतीचा घोट. मग लिंबाला मीठ लावून चाटा, परत घोट. वाईन मऊ झाली, आंबटपणा खाली गेला, फळ वर आलं. आता साखर चाटा, परत घोट. तीच वाईन कडवट, तुरट, पाणचट. जेवणाच्या जोडीचं निम्मं गणित या दोन घोटांत आहे: खारट आणि आंबट चवी वाईनला मदत करतात, गोड तिला मारतं. बाकीचं निम्मं असं, चरबी आणि मांस टॅनिनला मऊ करतात, तिखट अल्कोहोलची आग वाढवतं आणि टॅनिन टोचरं करतं.

शाब्ली: फ्रान्समध्ये कच्ची ऑयस्टर. शाब्लीच्या चुनखडीच्या मातीत तर ऑयस्टरचे जीवाश्मच सापडतात. कोकणात कालवं ताजी मिळत असतील तर नुसती वाफवून, लिंबू पिळून घ्या. मसाला नको. बटरवर परतलेला पापलेटही मस्त.

रीसलिंग काबिनेट: आपल्या तिखट जेवणासाठी या सहांमधून मी डोळे मिटून हिलाच निवडतो. अल्कोहोल कमी म्हणून आग वाढत नाही, साखर तिखटाला सावरते, आंबटपणा तेल कापतो. कोळंबीचं सुकं, गोव्याकडचं चिकन काफ्रिआल, चालतं. जर्मनीत स्मोक्ड ट्राउट आणि डुकराच्या मांसाबरोबर घेतात.

मॉर्गाँ: रोस्ट चिकन, सॉसेज, हॅम, मशरूम. गार वाढा, पुन्हा सांगतो.

कियांती क्लासिको: टस्कनीत जाडजूड बिस्तेक्का (गोमांसाचं स्टेक), निखाऱ्यावर भाजलेली, नाहीतर पेकोरिनो चीज. शाकाहारी घरात टोमॅटोचा सॉस घातलेला पास्ता आणि वरून भरपूर किसलेलं जुनं चीज. टोमॅटो आंबट असतो, मवाळ वाईन त्याच्यापुढे पाणचट लागते, सांजोवेझे टिकते.

रिओहा रेझेर्वा: रिओहात द्राक्षवेलींच्या सुक्या काटक्यांवर कोकराच्या बारीक चॉप्स भाजतात, मीठ सोडून काही लावत नाहीत. आपण मटण चॉप्स तव्यावर मीठ-मिरीत करा. आलं-लसूण-गरम मसाल्याचं दाट कालवण या वाईनला चिरडून टाकतं, पिंपात एक वर्ष काढून आलेले बारीक वास त्यात सापडत नाहीत. तांबडा रस्सा करायचाच असेल तर त्याच्यासोबत वाईन नको, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी ठेवा.

सोतेर्न: रोकफोर किंवा कुठलंही निळं चीज, खारे बदाम. खारट आणि गोड. गुलाबजाम, पुरणपोळी, जिलबी सोबत देऊ नका, पदार्थ वाईनपेक्षा गोड असला की वाईन आंबट आणि पोकळ लागते. गोडच हवं असेल तर कमी साखरेचा बदामाचा टार्ट.

*सावधान:* बांगडा-तारली असे तेलकट मासे आणि रेड, विशेषतः टॅनिनवाली, ही जोडी टाळा. रेडमधल्या लोहामुळे तोंडात धातूसारखी, उग्र मासळी चव उमटते. लोणचं, व्हिनेगरवालं सॅलड आणि कच्ची हिरवी मिरची या संध्याकाळपुरती ताटाबाहेर. आर्टिचोक ही भाजी खाल्ल्यावर पुढचा घोट उगाच गोड लागतो, तेही लक्षात असू द्या.

जोडी चाखायची रीत: वाईनचा घोट, मग एक घास नीट चावून गिळा, मग परत घोट. तोंडात घास असताना वर वाईन ओतली की दोन्हींचा पत्ता लागत नाही. आणि प्रत्येक पदार्थावर दोन वाईन चालवून बघा, एक जुळणारी, एक न जुळणारी. मटण चॉपवर रिओहा आणि मग काबिनेट. जुळत नाही म्हणजे नेमकं काय होतं ते तोंडाला कळलं की पुढच्या वेळी तक्ता बघावा लागत नाही.

टप्पा ९: उरलेली वाईन

लगेच बूच लावा, रात्रभर उघडी नको. लहान बाटलीत काठोकाठ भरलीत तर अजून चांगलं, हवा कमी राहते. रेडसुद्धा फ्रीजमध्येच, आपल्या हवेत बाहेर ठेवली तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हिनेगरकडे झुकलेली असते. शाब्ली तीन दिवस, काबिनेट चार-पाच, मॉर्गाँ दोन, कियांती आणि रिओहा तीन, सोतेर्न आठवडाभर सहज. दुसऱ्या दिवशी रेड प्यायच्या तासभर आधी फ्रीजबाहेर काढा आणि कालची वही उघडून परत चाखा, कियांती बऱ्याचदा पहिल्या दिवसापेक्षा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी असते.